ती मोठी, तो लहान

मैत्रिणींनो, गेल्या दहा-पंधरा वर्षांत जुना काळ दाखवणारे मराठी सिनेमे आणि मालिका बऱ्याच आल्या. चौसोपी वाडा, माजघरातला कंदील, नऊवारीतली नायिका आणि तिचं अबोल प्रेम. आपण ते पाहिले, रडलो, घरी येऊन त्यावर बोललो. आज मला त्यांच्याविषयी एक साधा हिशेब मांडायचा आहे. यातल्या नायक-नायिकांची वयं एका कागदावर लिहून काढा. तो मोठा आणि ती लहान, असंच उत्तर येत राहील. कुठे दहा वर्षांनी, कुठे वीस, कुठे त्याहूनही जास्त. ती वयाने मोठी, तो लहान, दोघं एकमेकांवर प्रेम करतात आणि सिनेमा त्यांच्या बाजूने उभा राहतो, अशी जुन्या काळातली एकही मराठी कथा मला पडद्यावर सापडलेली नाही.

कुणी म्हणेल, एवढे प्रश्न समोर असताना हा कसला विषय काढलात? हुंडा आहे, मारहाण आहे, रोजगार नाही, पाणी नाही. सगळं खरं आहे. पण मोठ्या वयाच्या बाईने प्रेम केलं की तिच्यावर जे गुदरतं, त्यात मारहाणही असते आणि जमिनीचा प्रश्नही असतो. ते पुढे सांगतेच. आधी सिनेमाकडे वळते.

मी राहते अंजनवेलला, गुहागर तालुक्यात, गोपाळगडाच्या पायथ्याशी. त्यामुळे 'काकस्पर्श' (२०१२) हा आम्हाला आपल्या अंगणातला सिनेमा वाटतो. उषा दातार यांच्या कथेवर महेश मांजरेकरांनी तो केला. स्वातंत्र्याआधीचं कोकण, चित्पावन ब्राह्मणाचं घर. धाकट्या भावाचं लग्न होतं, संसार सुरू व्हायच्या आतच तो मरतो आणि मागे राहते कोवळ्या वयाची उमा. मोठा भाऊ हरिदादा तिचं केशवपन होऊ देत नाही, गावाचा रोष पत्करतो, तिला सांभाळतो. ती त्याच्याच घरात वाढते, मोठी होते आणि दोघांच्या मनात एकमेकांविषयी ओढ तयार होते. मात्र भावाच्या पिंडापाशी हरिदादाने एक वचन दिलेलं असतं. ते उमाच्या देहाविषयी असतं आणि उमाला त्याचा पत्ताही नसतो.

सिनेमा चांगला केला आहे, कलाकारांची कामं मनाला भिडतात, याबद्दल वाद नाही. प्रश्न वेगळा आहे. दीर आणि भावजय, एका छपराखाली, समाजाला न मानवणारं प्रेम. एवढं धाडस या कथेने केलं आणि प्रेक्षकांनी ते उचलून धरलं. ते कशाच्या बळावर? मला वाटतं, दोन गोष्टींच्या बळावर. उमा लहान आहे म्हणून आपल्याला तिची दया येते. हरिदादा मोठा आहे म्हणून त्याचं प्रेम आपल्याला सांभाळण्यासारखं, वडीलधाऱ्या मायेसारखं दिसतं.

आमच्या बचत गटातल्या बायकांनी हा सिनेमा एकीच्या घरी टीव्हीवर एकत्र पाहिला. संपल्यावर सगळ्याजणी डोळे पुसत होत्या. बासष्ट वर्षांची एक बाई तेवढी गप्प होती. ती म्हणाली, "अगो, उमा तरणी म्हणून तुमका रडू आलं. ती माझ्या वयाची असती नि तो तिच्यापेक्षा लहान, तर तुम्ही टीव्ही बंद केला असता." कुणीच काही बोललं नाही. मग दोघीतिघी हसल्या, आणि ते हसणं मला फार बोलकं वाटलं. साठीच्या बाईने प्रेमाचं नाव काढलं की आपल्याला हसू येतं. साठीच्या पुरुषाने दुसरं लग्न केलं तर आपण म्हणतो, "करणार काय, जेवायखायला घालणारं कुणी नको का?"

आता थोडं मागे जाऊया. आपल्या नाटक-सिनेमात वयाच्या अंतराचा विषय जुनाच आहे. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आलं. पंचाहत्तरीचा भुजंगनाथ आणि पैशासाठी त्याला मुलगी द्यायला निघालेला कांचनभट. प्रेक्षक त्या म्हाताऱ्यावर हसले आणि चिडले. १९३७ साली प्रभातचा 'कुंकू' आला. व्ही. शांताराम यांचं दिग्दर्शन, ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरची कथा. फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटेंची ती नीरा आठवा. ती रडत बसत नाही, भांडते. शेवटी म्हाताऱ्यालाच उमगतं की आपण या मुलीचं वाटोळं केलं. याच सिनेमात त्याच्या सुधारक मुलीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलं होतं. संततिनियमनाचा प्रचार करत गावोगाव फिरलेल्या शकुंतलाबाई त्या याच.

म्हणजे १८९९ आणि १९३७ साली मोठ्या वयाचा नवरा ही शरमेची गोष्ट म्हणून दाखवली गेली. आज तोच जुना काळ पुन्हा पडद्यावर येतो तेव्हा काय होतं? 'उंच माझा झोका' ही मालिका २०१२ साली आली. रमाबाई आणि न्यायमूर्ती रानडे यांचं लग्न १८७३ सालचं. ती अकरा वर्षांची, तो एकतीस वर्षांचा. 'आनंदी गोपाळ' हा सिनेमा २०१९ साली आला. आनंदीबाईंचं लग्न नवव्या वर्षी झालं, गोपाळराव त्यांच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी लहानपणी खाल्लेल्या माराची आठवण स्वच्छ शब्दांत करून दिली आहे. या बायकांची कर्तबगारी अफाट होती आणि त्यांच्या नवऱ्यांनी काळाच्या पुढे जाऊन त्यांना शिकवलं, हेही खरंच. पण ही नाती आज आपल्यासमोर गोड प्रेमकथा होऊन येतात, तेव्हा नऊ आणि अकरा हे आकडे कुठेतरी विरघळून जातात. नीरा ज्या अंतराविरुद्ध भांडली, तेच अंतर आता रम्य वाटायला लागलं आहे. मुलगी लहान असली तर ते अंतर आपण विसरायला तयार असतो. बाई मोठी असेल तर पाच वर्षांचं अंतरही आपल्या डोळ्यांत खुपतं.

असं का होतं, याचं एक कारण मला आपल्या सुधारणेच्या इतिहासातच दिसतं. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला, संमतिवयाचा १८९१ साली. या सगळ्या लढ्यांत सुधारकांनी समाजापुढे उभी केली ती बालविधवा. आठ-दहा वर्षांची पोर, जिने नवऱ्याचं तोंडही नीट पाहिलं नाही. तिचं उभं आयुष्य पुढे पडलेलं आहे, तिच्यावर दया करा, असं ते सांगत होते. त्या काळी हे सांगणं गरजेचं होतं आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. आमच्या खाडीपलीकडे दाभोळ, आणि तिथून पुढे दापोली तालुक्यातलं मुरूड. तिथले धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्व्यांशी, लग्न केलं. गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झालेल्या. या लग्नापायी गावाने कर्व्यांना वाळीत टाकलं. आनंदीबाईंच्या 'माझे पुराण'मध्ये त्या दिवसांची हकिगत वाचायला मिळते.

पण दयेवर उभ्या असलेल्या हक्काला एक मर्यादा असते. ज्याची दया येते त्यालाच तो मिळतो. "अजून वय आहे तिचं," असं म्हणून आपण तरुण विधवेला दुसऱ्या लग्नाची परवानगी देतो. म्हणजे वय उलटून गेलं की परवानगीही संपली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची, पोरं मोठी झालेली, स्वतःच्या पायावर उभी असलेली बाई कुणाच्या दयेला पात्र नसते. तिला सोबत हवी असेल, स्पर्श हवा असेल, तर ते मागायला तिच्याजवळ आपण कुठला शब्दच ठेवलेला नाही. जे शब्द आहेत ते सगळे शिव्या आहेत.

आणखी एक गोष्ट. हे सिनेमे ज्या जुन्या काळात घडतात, तो काळ बहुधा एका जातीच्या माजघरातला असतो. सोवळं, केशवपन, आलवण हे सगळ्या बायकांच्या वाट्याला आलेलं नव्हतं. कुणबी, कोळी आणि इतर कितीतरी समाजांत विधवेचा पाट लावण्याची रीत होती. त्या रीतीतही बाईवर अन्याय होता. पाटाच्या बायकोला पहिल्या लग्नाच्या बायकोचा मान नव्हता. पण 'तेव्हा विधवेला प्रेम करताच येत नव्हतं' हे विधान सगळ्या महाराष्ट्राचं म्हणून खपवणं खोटं आहे. मासे विकून घर चालवणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बाईचा जुना काळ अजून पडद्यावर यायचा आहे.

हिंदी सिनेमाने हा विषय अधूनमधून हाताळला. तिथे काय झालं तेही पाहूया. राजिंदर सिंग बेदी यांच्या कादंबरीवरचा 'एक चादर मैली सी' १९८६ साली आला. पंजाबातलं खेडं. नवऱ्याचा खून होतो आणि ज्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्याच धाकट्या दिराशी पंचायत राणोचं लग्न लावते. इथे ती मोठी, तो लहान. पण हे लग्न तिच्या इच्छेने ठरलेलं नाही. घरची बाई, घरची पोरं, घरची भाकरी घरातच राहावी म्हणून तिच्यावर चादर टाकली जाते. म्हणजे घराण्याची सोय होत असेल तर समाजाला बाईचं मोठं वय चालतं, हे या कथेतून स्वच्छ दिसतं. तिने आपणहून कुणाला निवडलं तर मात्र वय आडवं येतं.

'दूसरा आदमी' (१९७७) मध्ये राखीची नायिका एका लग्न झालेल्या तरुणात आपला गेलेला प्रियकर शोधते आणि शेवटी तिलाच बाजूला व्हावं लागतं. 'लम्हे' (१९९१) मध्ये तरुण नायकाचं आपल्याहून मोठ्या पल्लवीवर प्रेम असतं. तिचं दुसऱ्यावर असतं, ती मरते, आणि वीस वर्षांनी तिची मुलगी मोठी होऊन त्याच नायकाच्या प्रेमात पडते. आवडली होती मोठी बाई, मिळाली तिची मुलगी. सिनेमाने वयाचा हिशेब पुन्हा 'बरोबर' करून दिला. 'दिल चाहता है' (२००१) मधली डिंपल कपाडियाची तारा घटस्फोटित आहे, एकटी आहे. तिच्यावर प्रेम करणारा तरुण मनापासून प्रेम करतो. तरीही ताराला सिनेमा संपेपर्यंत जिवंत ठेवलेलं नाही. मोठ्या वयाच्या नायिकेला एकतर मरावं लागतं, नाहीतर निघून जावं लागतं. सुखाने नांदताना ती आपल्याला दाखवलीच जात नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं की जुना काळच तसा होता, सिनेमावाल्यांनी काय करावं? हे उत्तर मला मान्य नाही. अठराव्या शतकात तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं. तिथल्या प्रतापसिंह राजाच्या (१७३९ ते १७६३) दरबारात मुद्दुपळनी नावाची एक गणिका कवयित्री होती. तिने तेलुगूत 'राधिका सांत्वनमु' हे काव्य लिहिलं. त्यातली राधा कृष्णाहून वयाने मोठी आहे, नात्याने त्याची मावशी-आत्या लागावी अशी. जिला तिने स्वतः वाढवलं त्या इळेचं कृष्णाशी लग्नही तीच लावून देते, आणि मग विरहाने, मत्सराने तळमळते. ती रागावते आणि कृष्णाला येऊन तिची समजूत काढावी लागते. मोठ्या बाईची इच्छा, तिचा राग, तिचा हट्ट, सगळं एका बाईने लिहिलं, मराठी राजाच्या दरबारात लिहिलं आणि तिचा सन्मान झाला.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. १९१० साली बेंगळूरू नागरत्नम्मा या विदुषी गायिकेने हे काव्य पुन्हा छापलं. त्यावर अश्लीलतेचा ठपका बसला, इंग्रज सरकारने प्रती जप्त केल्या आणि बंदी घातली. ती उठली थेट स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. या काव्याला आणि ते लिहिणाऱ्या बाईला अश्लील ठरवणाऱ्यांत कोण होते? कंदुकूरी वीरेशलिंगम. म्हणजे आंध्रात १८८१ साली पहिला विधवाविवाह लावणारे थोर सुधारक. कोवळ्या विधवेसाठी जिवाचं रान करणाऱ्या माणसाला प्रौढ राधेची इच्छा सहन झाली नाही. दयेची मर्यादा म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कसं सांगावं?

आपल्याकडे ही मर्यादा ओलांडणारा एक माणूस होता, आणि तोही मुरूडचाच. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. बाईला कामसुखाचा पुरुषाइतकाच हक्क आहे, हे त्यांनी कसलाही आडपडदा न ठेवता लिहिलं. त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या, दंड भरले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वडिलांनी विधवेच्या लग्नाचा प्रश्न घेतला, मुलाने बाईच्या सुखाचा. वडिलांना भारतरत्न मिळालं, मुलाच्या वाट्याला हेटाळणी आली. अमोल पालेकरांनी रघुनाथरावांवर 'ध्यासपर्व' (२००१) केला आणि 'अनाहत' (२००३) मध्ये एका राणीला आपल्या इच्छेची ओळख होताना दाखवली. म्हणजे जुन्या काळात शिरून बाईच्या इच्छेबद्दल मराठीत बोलता येतं. वयाचा उंबरठा ओलांडायचं तेवढं राहिलं आहे.

कायद्याकडेही एक नजर टाकूया. १९२९ च्या शारदा कायद्याने लग्नाचं किमान वय मुलीला १४ आणि मुलाला १८ ठेवलं. १९७८ साली ते १८ आणि २१ झालं. बायको मोठी नसावी असं कायदा कुठेच म्हणत नाही. पण मुलाला तीन वर्षं जास्त देऊन तो नकळत हेच सुचवतो की नवरा मोठा असायचाच. कायदा आयोगाने २०१८ च्या आपल्या टिपणात यावर बोट ठेवलं होतं: दोघं बरोबरीचे असतील तर वयात फरक कशासाठी? दोघांनाही १८ असावं, असं त्यांनी सुचवलं. २०२१ साली मुलीचं वय २१ करणारं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, ते पुढे सरकलं नाही आणि २०२४ साली लोकसभेची मुदत संपताच बारगळलं.

आता मघाशी म्हटलं तो जमिनीचा प्रश्न. आमच्या तालुक्यातली एक हकिगत सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सेहेचाळीस वर्षांची विधवा. नवरा मुंबईला नोकरीत होता, तिकडेच गेला. दोन मुलगे मुंबईत. ही इथे एकटी, थोडी कलमं, घर, शिलाईचं मशीन. तिचं एका गवंड्याशी जुळलं. तो तिच्याहून नऊ वर्षांनी लहान, बिनलग्नाचा. पहिल्या महिन्यात वाडीत कुजबुज, दुसऱ्या महिन्यात मुलगे गावी हजर. धाकट्याने आईवर हात टाकला. थोरला जास्त हुशार, त्याने हक्कसोडपत्राचे कागदच आणले होते. "सही कर आणि मग काय हवं ते कर," असं त्याचं म्हणणं. त्या पोरांना आईचं वय किती खुपलं आणि सात-बारावरचं तिचं नाव किती, हे तुम्हीच ठरवा.

आमच्याकडे आधी मुलगेच आले. "तुम्ही बायांच्या संघटनेच्या ना, समजवा तिला." आमच्या बैठकीत दोन तट पडले. तो तिला फसवेल, जमिनीवर डोळा असेल, असं काहीजणी म्हणाल्या. ही भीती अगदीच खोटी नाही, अशा फसवणुकी होतात. पण त्या कुठल्याही वयात होतात आणि मोठ्या वयाचे नवरेही करतात. शेवटी आम्ही तिच्याशीच बोललो आणि कायदा सांगितला, तो इथेही सांगते, कारण तो गटागटात माहीत असायला हवा. १८५६ च्या कायद्याने विधवेला लग्नाची मुभा दिली होती, पण लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेपुरती ती मेलीच असं धरलं जाई. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हे बदललं. नवऱ्याच्या मालमत्तेत विधवेला मिळालेला हिस्सा पूर्ण तिच्या मालकीचा असतो आणि नंतर लग्न केलं म्हणून तो जात नाही. तिने सही केली नाही. गाव मात्र सोडावं लागलं. दोघं आता चिपळूणकडे राहतात. ती तिथे शिवणकाम करते, कलमांचं उत्पन्न मुलगे परस्पर घेतात आणि त्यासाठी तिचं भांडण अजून चालू आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ११०० हून जास्त बायका होत्या. याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे. पुरुष मुंबईला, बाई गावाला. तरुणपण वाट पाहण्यात जातं, आणि सोबत मिळायची वेळ येते तेव्हा कितीतरी घरांत नवरा आजारी होऊन परततो किंवा परततच नाही. मग मुलगा म्हणतो, आई, नातवंडं सांभाळायला मुंबईला चल. पन्नाशीच्या बाईने रांधावं, नातवंडं सांभाळावी, शेत राखावं, सगळं चालतं. मोर्चात ती पुढे चालते. एन्‍रॉनच्या प्रकल्पाविरुद्ध इथल्या बायका उठल्या आणि जून १९९७ मध्ये पोलिसांनी शेजारच्या वेलदूरच्या कोळी बायकांना पहाटे घरांत शिरून मारलं, तेव्हा कुणी कुणाचं वय विचारलं नव्हतं. मग बाई प्रेमाबद्दल बोलली की तेवढ्यापुरतं तिचं वय कसं काय आठवतं?

२०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. सरकारनेही इतर गावांना तसं करायला सांगितलं. फार मोठी गोष्ट झाली. पण कुंकू राहिलं, बांगड्या राहिल्या, म्हणून पुढचं आयुष्य निवडण्याचा हक्क आपोआप येत नाही. त्यासाठी तसं चित्र डोळ्यांपुढे असावं लागतं, आणि ते चित्र तयार करण्यात सिनेमाचा वाटा मोठा असतो. शहरात थोडं बदलतंय. सचिन तेंडुलकरची पत्नी अंजली त्याच्याहून वयाने मोठी आहे, १९९५ साली त्यांचं लग्न झालं आणि महाराष्ट्राचं काही बिघडलं नाही. पण नावाजलेल्या माणसांना जे पचतं ते वाडीतल्या शिलाईकाम करणाऱ्या बाईला पचू दिलं जात नाही.

एक गोष्ट मात्र पक्की ठेवली पाहिजे. मोठी बाई आणि लहान मुलगा, हे प्रेम म्हणून दाखवणं आपल्याला चालणार नाही. अठराच्या आतलं मूल म्हणजे मूलच, मुलगा असो की मुलगी, २०१२ चा कायदाही तेच सांगतो. शिक्षिका आणि विद्यार्थी, मालकीण आणि गडी, अशा नात्यांत सत्ता कुणाच्या हातात आहे हे पाहावंच लागेल. नीराच्या बाजूने उभं राहताना आपण जी कसोटी लावली, तीच इथेही लावायची. दोघं जाणती आहेत का? दोघांना नाही म्हणता येतं का? या दोन प्रश्नांची उत्तरं हो असतील तर जन्मतारखा विचारायचं कारण उरत नाही.

म्हणून माझं मागणं आहे ते एका सिनेमाचं, आणि त्याहून जास्त आपल्या गटांकडून. जुना काळ दाखवायचाच असेल तर खाडीकाठची एखादी पंचेचाळीस वर्षांची बाई दाखवा. तिला हिशेब कळतो, होडीचा वाटा कळतो, माणूस कळतो. तिने आपल्याहून लहान माणूस निवडला, भांडली, राहिली, आणि शेवटी मेली नाही. एवढं दाखवलं तरी पुष्कळ झालं. असा सिनेमा येईल तेव्हा येईल. तोपर्यंत 'काकस्पर्श' किंवा 'कुंकू' गटात एकत्र पाहा आणि पाहून झाल्यावर वयं उलटी करून चर्चा करा. कोण हसतं, कोण गप्प बसतं, कोण उठून जातं, ते टिपून ठेवा. आणि तुमच्याकडे कुणाचे मुलगे "समजवा आईला" म्हणत आले, तर आधी त्यांच्या हातातले कागद पाहायला मागा.